सोळा माणसांची पायपेटी

मित्रांनो, मला दोन नावं आहेत. ज्या नाटक कंपनीबरोबर मी जुन्नरला आलो, तिथं मला ऑर्गन म्हणत. जुन्नरात कागद करणाऱ्यांच्या आळीत मला उतरवलं आणि त्याच दिवशी मी पायपेटी झालो. झालो की झाले, तेही आता नक्की सांगता येत नाही. तो ऑर्गन, ती पायपेटी. या वयात कोण बघतंय! मी एक जुना ऑर्गन आहे एवढं तुम्ही धरून चाला, आणि आळीतलं कुणी मला 'ती' म्हणालं तर हसू नका.

दिसायला मी एखाद्या बुटक्या कपाटासारखा. पुढं काळ्यापांढऱ्या पट्ट्या, त्यांच्या वर ओढायच्या लाकडी खुंट्या, खाली दोन पायडल. वाजवणारा बसून आळीपाळीनं पाय मारतो, डावा, उजवा, डावा, उजवा. मग माझ्या पोटातला भाता हलतो, वारा पितळी जिभल्यांवरून जातो आणि सूर निघतो. आणखी एक गोष्ट माझ्यापाशी होती, जी हातपेटीजवळ नसते. पट्ट्यांच्या खाली, उजव्या अंगाला, एक हातभर फळी टांगलेली होती. वाजवणाऱ्यानं उजव्या गुडघ्यानं ती बाहेर रेटली की आतली झडप उघडायची आणि आवाज मोठा व्हायचा. गुडघा सैल सोडला की स्प्रिंग ती फळी परत आत ओढायची आणि आवाज विझत विझत लहान व्हायचा. सगळी गोष्ट या फळीची आहे, म्हणून तिला जरा नीट लक्षात ठेवा.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला सांगता येत नाही. बोटीतून आलो, खाऱ्या वाऱ्यानं माझे सांधे फुगले, एवढंच आठवतं. मग कंपनीबरोबर वीस वर्षं गावोगाव. गॅसबत्त्या, भरजरी पडदे, विंगेत चहा पिणाऱ्या राण्या. आणि एक दिवस जुन्नरात कंपनी मोडली. नट आपापल्या गावी गेले. पडदे गेले, मुकुट गेले. मला उचलायला चार माणसं लागतात, म्हणून मी तेवढा राहिलो.

माझा भाता तेव्हा फाटलेला होता. आळीतले एक कारागीर हातानं कागद करायचे. त्यांनी मला उघडलं, भात्याच्या चिरेवर खळ लावून कागदाचे तीन थर बसवले, वर बकऱ्याचं कातडं मारलं. आजही माझ्या पोटात तो कागद आहे. त्यांचा मुलगा चांद तेव्हा आठ वर्षांचा होता. बसून पाय पुरत नव्हते, तर पठ्ठ्या पायडलवर उभा राहून वाजवायचा, जिना चढल्यासारखा!

त्याला मी काय शिकवलं? मित्रांनो, ढोलकीवर जोरात थाप मारली की ती जोरात बोलते. माझं तसं नाही. माझ्या पट्टीवर अलगद बोट टेकवा नाहीतर बुक्की मारा, सूर तेवढाच. पहिल्या महिन्यात चांदनं खूप बुक्क्या मारल्या. मग त्याला उमगलं की माझ्याकडून गाणं काढायचं तर बोटाच्या जोराचा काही उपयोग नाही. सूर कधी धरायचा आणि कधी सोडायचा, एवढंच आपल्या हातात. दोन सुरांच्या मध्ये केसाएवढी जागा ठेवली तर शब्द कळतो, नाही ठेवली तर नुसता चिखल होतो. आणि आवाज वाढवायचा तर गुडघ्यानं, स्प्रिंगच्या विरुद्ध, हळूहळू. घाईनं रेटलं की मी भुंकतो.

चांद मोठा झाला. कलापथकात, शाळेच्या नाटकांत, उरुसात, सप्ताहात तो माझ्यावर वाजवायचा. लोक त्याला चांद मास्तर म्हणू लागले. मग आजूबाजूच्या गावांत लग्नाला बँड बोलवायची रीत आली. मास्तरनंही बँड उभा केला. बारा फुंकणारे, चार बडवणारे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, पोटाएवढे युफोनियम, ढोल, झांज, खुळखुळे.

माझ्या मनात आलं, संपलं आपलं. मला चाकं नाहीत. वरातीत मी कसा जाणार?

पण पहिल्याच तालमीला मास्तरनं त्या सोळा जणांना माझ्यापुढं सतरंजीवर बसवलं आणि म्हणाला, "आधी हिला ऐका. हिचं ऐकून मग फुका."

माझ्या खुंट्यांवरची परदेशी अक्षरं केव्हाच पुसली होती. मास्तरनं लहानपणीच त्यांना आपली नावं दिली होती. खर्जाच्या जाड सुराची खुंटी म्हणजे म्हातारा. बारीक, गोड आवाजाची म्हणजे पोरी. कडक, वर चढणारी म्हणजे कोंबडा. तीच नावं बँडला चिकटली. युफोनियमवाले म्हातारे, ट्रम्पेटवाले कोंबडे आणि क्लॅरिनेटवाले पोरी. क्लॅरिनेटच्या रांगेत पुढं असायचा शिनोलीचा गोरख. सहा फूट उंच, ओठावर झुपकेदार मिशी. भर वरातीत मास्तर ओरडायचा, "पोरींनो, या आत!" आणि गोरख क्लॅरिनेट उचलायचा. वऱ्हाडातल्या बाया मान वळवून पोरी शोधत राहायच्या.

इतर बँड गाणं सुरू करत तेव्हा सगळे एकदम फुंकत. मास्तर हवेत हात नेऊन खुंटी ओढल्यासारखा करायचा. आधी नुसते म्हातारे. मग दुसरी खुंटी, पोरी. ध्रुपद दुसऱ्यांदा आलं की कोंबडे. हात आत ढकलला की ती रांग गप्प. आणि आवाज वाढवायचा असला की हात नाही, उजवा गुडघा बाहेर! चालता चालता मास्तरचा गुडघा असा फाकायचा की पाहुणे विचारायचे, "मास्तर नाचतोय का त्याला मुंगी चावली?" सोळाही जणांचे डोळे त्या गुडघ्यावर. गुडघा हळूहळू बाहेर गेला की सोळा माणसं हळूहळू मोठी व्हायची. गुडघा मिटला की ढोलसुद्धा कुजबुजायचा.

लोक म्हणायचे, "गाणं वळखीचंच हाय राव, पण आज पयल्यांदा ऐकल्यागत वाटतंय."

आळीत बसल्या बसल्या मी हे ऐकायचो आणि माझा भाता भरून यायचा. मला रस्त्यावर जाता येत नव्हतं, तर मास्तरनं सोळा माणसांचीच पायपेटी करून मला रस्त्यावर नेलं होतं.

माझ्या पायडलचीसुद्धा त्यानं रांग केली. माणसाचा श्वास संपतो. माझा संपत नाही, कारण डावा पाय वर येतो तेव्हा उजवा खाली असतो. मास्तरनं फुंकणाऱ्यांचे दोन भाग केले, डावी रांग, उजवी रांग. डावीचा दम संपत आला की उजवी सूर उचलून धरायची. डावी दम घ्यायची आणि परत सुरात शिरायची. ऐकणाऱ्याला सांधा कळायचा नाही. भीमाशंकरला एकदा पालखीपुढं वाजवताना एवढं धुकं उतरलं की गुडघा सोडा, मास्तरच दिसेना. तरी सूर तुटला नाही. रांगांना एकमेकींचा श्वास ऐकू येत होता.

आता ओवीचं सांगतो. गोरखची आई ठमाबाई. शिनोलीत तिच्या जात्यावरच्या ओव्या प्रसिद्ध. गोरखची मुलगी वृषाली पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. गोरख आईला घेऊन आमच्याकडं आला. ठमाबाई माझ्यासमोर मांडी घालून बसली, हात जात्याच्या खुंट्यावर असावा तसा गोल फिरवत गायली,

घोडनदीच्या पाण्याला, उतार गं वळणाचा
माझ्या वृषाली बाईचा, पाय जड गं निघण्याचा

मास्तरनं ती माझ्यावर दहा वेळा वाजवली. ठमाबाई दहाही वेळा म्हणाली, "न्हाई मास्तर. शेवटाला थांबतंय ते जातं न्हवं, बापाचा हात हाय. त्यो लगीच सुटत न्हाई."

तेव्हा मास्तरला कळलं. त्या दिवसापासून पाठवणीला तो बँड हीच ओवी वाजवायचा. ढोल बंद, झांज बंद. शेवटच्या 'चा'वर सूर लागला की तो धरून ठेवायचा. किती? ते कुठं लिहिलेलं नाही. मास्तर गाडीपाशी उभ्या नवरीकडं बघायचा. बापाच्या हातात लेकीचा हात असेपर्यंत डावी रांग, उजवी रांग, डावी रांग, उजवी रांग. हात सुटला की मास्तरचा गुडघा मिटायचा आणि सूर अलगद निवायचा. जुन्नरपासून घोडेगावपर्यंत किती लेकी त्या सुरावर सासरी गेल्या, त्याची मोजदाद नाही.

मग मास्तरचा गुडघा दुखायला लागला.

गेल्या वर्षी ओतूरला एक लग्न होतं. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला निघाला. देवळापाशी मास्तरनं आवाज अगदी लहान ठेवला होता, नुसत्या पोरी. तेवढ्यात त्याच्या गुडघ्यातून कळ गेली आणि गुडघा खाडकन बाहेर फाकला. सोळा माणसांनी वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीनं जे करायचं तेच केलं. सगळे मिळून असे कडाडले की घोडा उधळला. नवरदेव मारुतीला न भेटता थेट एस्टी स्टँडवर पोचला!

बँडात मोठा ढोल वाजवणारा दादाभाऊ ही गोष्ट घरी येऊन सांगत होता. "कंडक्टर त्याला म्हनला, नवरदेव, कुठलं तिकीट देऊ?" सगळे पोट धरून हसले. मास्तरही हसला. नंतर सगळे गेल्यावर तो माझ्यापुढं बसला, फळीला गुडघा टेकवला आणि रेटायला गेला. फळी हलली नाही. किंवा फळी हलायला तयार होती, गुडघाच हलला नाही.

यंदा पुण्याला नेऊन त्याचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने गाडीत बसून लांब जायचं नाही, आणि वरातीत चालणं तर कायमचं बंद. ऑपरेशनला पंधरा दिवस झाले असतील, गोरख पेढे घेऊन आला. वृषालीचं लग्न ठरलं होतं. दहा दिवसांनी, शिनोलीतच.

"आई म्हनती," गोरखनं सांगितलं, "समद्या मुलखाच्या पोरींना माझी ओवी वाजली. आता जिच्यासाठी केली तिला वाजू द्या, मंग मी जायला मोकळी."

"वाजेल ना," मास्तर म्हणाला. "आता मास्तर तू. बँड तुझा."

तालीम सुरू झाली. गोरखनं हात वर करून आवाज वाढवायला सांगितला. एकानंही वाढवला नाही. सगळे त्याच्या गुडघ्याकडं बघत होते.

"आरं वर बगा की!" गोरख ओरडला.

"वर काय बगायचं," दादाभाऊ म्हणाला, "वर तुझी मिशी हाय."

मग गोरखनं गुडघा फाकवून बघितला. पण तो कधी माझ्यापुढं बसलाच नव्हता. त्याचा गुडघा झटक्यानं जायचा आणि बँड भुंकायचा. कोपऱ्यात मास्तरची नात इफरा बसली होती. मुलीची मुलगी, कॉलेजसाठी आजोळी राहिलेली. नानाचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, पाय अडला तेव्हापासून माझ्यावर तीच वाजवायची. ती हळूच म्हणाली, "गोरखमामा, तुमच्या गुडघ्याला ओढ नाही लागत. फळी परत आत ओढते ना, तिच्याशी भांडत भांडत बाहेर जायचं असतं."

गोरखला ते पटलं. आठ दिवस तो रोज आला, माझ्यापुढं बसला आणि पन्नाशीच्या वयात पाय मारायला शिकला. घाम गाळला बिचाऱ्यानं. आठव्या दिवशी ओवी बरी वाजली. सगळे खूश झाले. जहाँआरा, म्हणजे मास्तरची बायको, चहा घेऊन आली. कप देता देता तिनं सहज विचारलं,

"काय गोरखभाऊ, पाठवणीला तुम्ही बँडापुढं उभं राहणार, तर मुलीचा हात कोण धरणार?"

मित्रांनो, सतरंजीवर सोळा माणसं होती. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींची पाठवणी वाजवणाऱ्या त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की या लग्नात बँडाचा नवा मास्तर हाच नवरीचा बाप आहे!

"आयला," दादाभाऊ एवढंच म्हणाला.

गोरख खाली बसला. "मंग ऱ्हाऊ द्या ओवी. गाणं लावू मोबाईलवर."

"ठमाबाई तुला जात्यात भरडील," मास्तर म्हणाला. पण तो स्वतःच्या बांधलेल्या पायाकडं बघत होता. इतक्या लेकींची पाठवणी त्यानं वाजवली होती, आणि जिच्या नावाची ओवी तिच्या वेळेला त्याला खुर्चीवरून उठता येत नव्हतं.

इफरा म्हणाली, "मी उभी राहते."

जहाँआरानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! सोळा बाप्ये माझ्या नातीच्या गुडघ्याकडं टकामका बघत बसणार? लोक काय म्हणतील?"

म्हाताऱ्यांच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "आन् पोरीच्या इशाऱ्यावर वाजवायचं म्हंजे..."

"पोरी तर आपल्यात पयल्यापास्नं हायेत की," दादाभाऊनं गोरखच्या मिशीकडं बोट दाखवलं. हशा पिकला, पण प्रश्न तिथंच राहिला.

इफरा उठली. टेबलाच्या खणातून तिनं स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझ्या खाली वाकली. मला आधी कळलंच नाही. मग उजव्या अंगाला थंड वारा लागला. तिनं माझी फळी काढली होती.

खरं सांगतो, मला राग आला. वीस वर्षं कंपनीत, सत्तर वर्षं जुन्नरात, माझी एक खुंटीसुद्धा कुणी काढली नव्हती. फळीशिवाय मी म्हणजे एका आवाजात बोलणारा माणूस. हसताना तेवढाच, रडताना तेवढाच. मी मास्तरकडं बघत होतो. तो म्हणेल, ठेव ती जागेवर. पण तोही बघत होता.

इफरानं ओढणी कमरेला घट्ट बांधली. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली, एक टोक फळीला, एक टोक कमरेच्या गाठीला. मग हातानं फळी मांडीपासून बाहेर रेटली. रबर ताणलं. तिचा हात ओढीशी भांडत भांडत बाहेर गेला. हात सैल केला, फळी अलगद मांडीशी आली.

"इथं बघायचं," ती म्हणाली. "फळीचं खालचं टोक नानाचा गुडघा असतो त्याच उंचीवर आहे."

मास्तर म्हणाला, "म्हातारे..." आणि म्हातारे वाजू लागले. फळी बाहेर गेली. सोळा माणसं हळूहळू मोठी झाली. कुणी भुंकलं नाही.

तालीम संपल्यावर मास्तरनं नातीला जवळ बोलावलं. "सगळं येतंय तुला. पण शेवटचा सूर... तो वाजवू नकोस. बघ फक्त. हातांकडं बघ."

लग्नाच्या दिवशी सगळे शिनोलीला गेले. घरात मास्तर, जहाँआरा आणि मी. दुपार टळताना फोन आला. मास्तरनं तो माझ्या झाकणावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

धडाम! धडाम! धडाम!

"हॅलो! अरे कोण?"

धडाम! धडाम!

दादाभाऊनं फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला होता आणि खिसा होता ढोलाला टेकलेला. माझ्या अंगावरची धूळ उडाली. "या बाबाला दुसरी जागा नाही मिळाली?" जहाँआरा म्हणाली. मास्तर फोनवर ओरडत होता, दादाभाऊ बडवत होता. असं दहा मिनिटं चाललं.

मग एकदम ढोल थांबला.

मागं बायकांचे आवाज, कुणाचं तरी मूल रडतंय, गाडीचं दार उघडल्याचा आवाज. आणि म्हातारे सुरू झाले. घोडनदीच्या पाण्याला. मास्तरचं बोट माझ्या बंद झाकणावर चालू लागलं. उतार गं वळणाचा. पोरी आत आल्या. त्यात आज गोरखचं क्लॅरिनेट नव्हतं, ती जागा मला ऐकू आली, पडलेल्या दातासारखी. माझ्या वृषाली बाईचा. सूर मोठा होत होता, ओढीशी भांडत भांडत. पाय जड गं निघण्याचा.

शेवटचा सूर लागला.

मास्तर डोळे मिटून ऐकत होता. डावी रांग. उजवी रांग. नेहमी एवढ्यात हात सुटतो. डावी रांग. "सोड," मास्तर पुटपुटला. "इफरा, सोड आता बेटा. दम जाईल त्यांचा." उजवी रांग. डावी रांग. सूर किंचित थरथरला. म्हाताऱ्यांतला कुणीतरी दमला होता. कोंबड्यांनी तो सूर न बोलावता हळूच उचलला. "अगं सोड!" मास्तरनं खुर्चीचे हात धरले. त्याला वाटलं पोर गोंधळली. मलाही तसंच वाटलं. एवढा लांब सूर त्या बँडानं कधी धरला नव्हता. माझ्यावर तो हवा तेवढा धरता येतो. ती तर माणसं होती.

तेवढ्यात फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. ठमाबाई कुठंतरी दादाभाऊच्या जवळच उभी असावी.

"गोरख, सोड रं बाबा. गाडी खोळंबली."

मास्तरनं डोळे उघडले.

इफरा गोंधळली नव्हती. ती हातांकडं बघत होती. गोरखनं लेकीचा हात सोडला नव्हता.

मास्तरनं खुर्चीचे हात सोडले. जहाँआरानं पदर तोंडाला लावला. डावी रांग. उजवी रांग. तिकडं अकरा माणसं आपल्या सोबत्यासाठी श्वास काढत होती, आळीपाळीनं, एकमेकांना टेकू देत. कुणाच्या छातीत किती उरला असेल देव जाणे. त्यांनी घाई केली नाही. मग सूर निवायला लागला. झटक्यानं नाही. तो लहान झाला, आणखी लहान झाला, आणि कधी संपला ते कळलं नाही. गाडीचं दार लागलं. गाडी गेली.

बराच वेळ फोनमधून नुसता वारा येत होता. मग दादाभाऊ म्हणाला, "मास्तर, हाय का? ऐकलं का?"

"ऐकलं," मास्तर म्हणाला. "तो रडतोय का?"

"तो कशाला? आमीच रडतोय. तो शेवटच्या पंगतीला पत्रावळी मांडतोय."

मित्रांनो, इफरा दुसऱ्या दिवशी फळी परत घेऊन आली. ती बसवायला वाकली, तर मास्तर म्हणाला, "राहू दे तुझ्याकडं. पुढच्या आठवड्यात लग्न आहे ना?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काय म्हणणार? माझ्या उजव्या अंगाला आता स्क्रूची दोन भोकं आहेत. मला मोठं होता येत नाही. गोरख अजून अधूनमधून येतो, माझ्यावर पाय मारतो, आणि आवाज वाढवायच्या जागी त्याचा गुडघा रिकामाच बाहेर जातो. मग तोच हसतो.

माझ्यासारखे जुने जीव गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. धूळ पुसलीत तर आवडेलच. पण नुसतं पुसून कपडा टाकून ठेवू नका. शाळेच्या खोलीत, देवळाच्या मागच्या बाजूला, कुणाच्या माडीवर माझा एखादा भाऊबंद असेल, तर बसा त्याच्यापुढं. पाय मारा. पहिल्यांदा तो खोकेल, कुबट वास येईल. घाबरू नका. आणि त्याचं एखादं लाकूड, एखादी खुंटी तुमच्या गाण्याला लागणार असेल तर खुशाल काढून न्या. थोडं दुखतं. चालतं.

आणखी एक विनंती आहे, ती माझ्यासाठी नाही. कधी आमच्याकडं लग्नाला आलात, आणि पाठवणीला बँडानं ढोल थांबवून एकच सूर धरला, तर तो संपायच्या आधी टाळ्या वाजवू नका. बोलू नका. मोबाईल पुढं धरून नवरीच्या आड उभे राहू नका. बँडापुढं फळी धरलेल्या पोरीला तिथून दोन हात दिसायला हवेत.